कोळणीचे अर्थकारण
वेसाव्याच्या कोळणींची उपजीविका हा माझ्या पीएच.डी.चा विषय आहे. 'मच्छीमार' म्हणजे समुद्रावर जाणारा पुरुष, असे आपण गृहीत धरतो. परंतु होडी किनाऱ्याला लागली की पुढचा बहुतेक व्यवहार स्त्रियांच्या हाती येतो. मासळी निवडणे, भाव करणे, पाटी घेऊन बाजार गाठणे, बांबूच्या वलांडीवर बोंबील सुकविणे ही सारी त्यांचीच कामे. १ जून ते ३१ जुलै या मासेमारीबंदीत घराला आधार असतो तो सुक्या मासळीचा. (अवकाळी पावसाची एक सर आली, की त्या बोंबलांची माती!) डिझेलवरील करपरतावा मात्र नौकेमागे मिळतो, पाटीमागे नव्हे. म्हणून माझ्या प्रश्नावलीत 'नौका किती?' याच्या आधी 'मासळी कोण विकते, आणि उधारी कोणाच्या नावावर?' हा प्रश्न मी घातला आहे.