सॉफ्टवेअरचं गिऱ्हाईक जाण्याआधी तीन महिने काय करत असतं?

या आठवड्याच्या व्हिडिओत हा विषय जरा घाईत झाला. बऱ्याच जणांनी एक्सेलचा तक्ता मागितला, म्हणून इथं सविस्तर लिहितोय. तुम्ही बिलिंग, क्लासची फी, डेअरी, जिम, कसलंही सॉफ्टवेअर विकत असाल किंवा कुणाची डीलरशिप घेतली असेल, तर हा धडा तुमच्यासाठी आहे.

सुरुवात माझ्यापासून करतो, कारण असं निघून गेलेलं गिऱ्हाईक मी स्वतः आहे.

माझं हार्डवेअर आणि पेंटचं दुकान. चार वर्षं एक बिलिंग सॉफ्टवेअर वापरलं, नाव घेत नाही. चांगलं चाललं होतं. आमच्याकडे पाइप येतो वीस फुटी नग आणि विकला जातो फुटावर. खिळे गोणीने येतात, विकतो किलोवर. एका अपडेटनंतर हे नगाचं फूट करण्याचं गणित बिघडलं. स्टॉकमध्ये पाइप उणे दिसायला लागला आणि प्रत्येक ओळीला एकक हाताने निवडावं लागायचं. दोनदा फोन केला. "पुढच्या व्हर्जनमध्ये येईल सर." तिसऱ्यांदा फोन केलाच नाही.

त्यांच्या बाजूने बघा. तक्रार बंद झाली, म्हणजे गिऱ्हाईक खूश! प्रत्यक्षात काउंटरवरचा पोरगा कच्च्या पावत्यांचं पॅड घेऊन बसला होता. गर्दीत कोण एकक निवडत बसणार? मग रात्री शटर अर्धं ओढून मी त्या पावत्या सॉफ्टवेअरला चढवायचो. दोनशे रुपयांच्या आतली किरकोळ विक्री, नोंदणी नसलेल्या आणि बिल न मागणाऱ्या गिऱ्हाइकाची असेल, तर जीएसटीत दिवसाअखेर एकाच बिलात दाखवता येते. ती सवलत मी पुरेपूर वापरली. पुढे नवीन माल आला की त्याचं आयटम बनवणंही सोडलं, सगळं "इतर" नावाच्या एकाच आयटमखाली. शेवटी एका रविवारी पार्टी लिस्ट, उधारी आणि स्टॉक असं सगळं एक्सेलमध्ये काढून पेनड्राइव्हवर घेतलं.

त्यांचा फोन आला तो रिन्युअलच्या आदल्या आठवड्यात. डिस्काउंट देतो म्हणाले. तोवर दुसऱ्या सॉफ्टवेअरवर माझी महिनाभराची बिलं झाली होती.

आता मुद्दा असा की माझी विक्री एक रुपयानेही घटली नव्हती, पण त्यांच्या सर्व्हरवर सगळं दिसत होतं. आठवड्याला साधारण २१० बिलं व्हायची, ती ११८ वर आली. दिवसभर पसरलेली बिलं रात्री नऊनंतर गोळा व्हायला लागली. काउंटरच्या पोराचं लॉगिन बंद, फक्त माझं चालू. "इतर" आयटम फुगलेला. आणि ऑगस्टमध्ये पूर्ण डेटा एक्सपोर्ट. मार्च-एप्रिलमध्ये सीएसाठी एक्सपोर्ट होतोच, पण भर पावसाळ्यात कोण कशाला करेल?

यातला माझ्या मते सगळ्यात बोलका आकडा वेळेचा आहे. बिलांची संख्या सगळे बघतात, वेळ कुणी बघत नाही. काउंटरवरचं सॉफ्टवेअर रात्री वापरलं जातंय म्हणजे दिवसा काउंटरवर दुसरं काहीतरी आहे: वही, पॅड नाहीतर तुमचा स्पर्धक.

तक्ता अगदी साधा ठेवा. गिऱ्हाइकाचं नाव, मागच्या ४ आठवड्यांची सरासरी बिलं, त्याआधीच्या १२ आठवड्यांची सरासरी, पहिल्याला दुसऱ्याने भागून आलेला आकडा, रात्री नऊनंतरच्या बिलांची टक्केवारी, दुसऱ्या युजरचं शेवटचं लॉगिन, शेवटचा एक्सपोर्ट. माझं उदाहरण घेतलं तर ११८ भागिले २१०, म्हणजे ०.५६. मी ०.६ च्या खाली गेला की फोन लावायला सांगतो. हा माझा अंदाजपंचे आकडा आहे. तुमच्या गेल्या वर्षी सोडून गेलेल्या लोकांचा डेटा काढा आणि तुमचा आकडा ठरवा.

तुलना गिऱ्हाइकाची त्याच्याशीच करायची. दिवसाला पाच बिलं करणारा फर्निचरवाला सुखात असू शकतो. दुसरं, सीझन बघा. पेंटवाला पावसाळ्यात थंडच असतो आणि दिवाळीआधी त्याला जेवायला वेळ नसतो. एकाच धंद्यातले तुमचे सगळे गिऱ्हाईक एकदम खाली आले तर तो सीझन. एकटाच आला तर फोन. तिसरं, फक्त विवरणापुरतं उगवणारे. महिन्याचं जीएसटीआर-१ भरणारा ११ तारखेच्या आसपास दिसतो, तिमाहीवाला १३ च्या. आधी रोज येणारा माणूस आता फक्त या तारखांना दिसत असेल, तर त्याने मनातून तुम्हाला सोडलंय.

एक पथ्य पाळा. हे सगळं मोजायला संख्या आणि वेळ पुरते. त्याची बिलं उघडून कुणाला किती माल गेला ते बघू नका. २०२३ चा डेटा संरक्षण कायदा आहेच, पण त्याहून मोठी गोष्ट म्हणजे बाजारात एकदा "हा आमची बिलं वाचतो" असं झालं की दुकान बंद. काय मोजता ते करारात सरळ लिहा.

आणि फोनवर "तुमची बिलं कमी झालीत" असं चुकूनही म्हणू नका, माणूस बिथरतो. "काउंटरला बिल करताना कुठं अडतंय का?" एवढंच विचारा. जवळचा असेल तर संध्याकाळी सहाला, ऐन गर्दीत, त्याच्या काउंटरमागे तासभर उभे राहा. पोरगा पॅड काढतो का ते बघा. मालक "सगळं मस्त" म्हणेल, पॅड खोटं बोलणार नाही.

माझ्या बॅचमधल्या एका मुलाने हा तक्ता केला. स्वतः बनवलेलं सॉफ्टवेअर, साठेक गिऱ्हाईक, घर त्यावरच चालतं. पाच नावं निघाली. दोघांचा नुसता सीझन होता. एकाच्या घरी आजारपण, दुकान अर्धा दिवस उघडं. चौथ्याचा बारकोड प्रिंटर सहा आठवड्यांपासून लेबल तिरकं छापत होता. हा मुलगा जाऊन कागदाची साइज बदलून आला, वीस मिनिटांचं काम. पाचवा आधीच दुसरीकडे गेला होता. त्याला याने डिस्काउंट दिला नाही, भांडलाही नाही. त्याची जुनी उधारी नीट एक्सेलमध्ये काढून दिली आणि का सोडलं ते विचारलं. उत्तर होतं: "तू फोन उचलायचास, पण परत करायचा नाहीस."

तक्त्यात आता आणखी एक कॉलम आहे: शेवटचा फोन कुणी केला, त्याने की आपण.