क्लच बेलच्या पोटातल्या दोन बेअरिंगा

पुणे

चि. समीर यास,


तुझ्या नायट्रो आरसी गाडीचा व्हिडिओ काल रात्री दोनदा पाहिला. थ्रॉटलला हात न लावताही गाडी पुढे सरकते आणि ब्रेक धरलास की इंजिन बंद पडतं. तू मात्र कार्ब्युरेटरच्या सुया फिरवत बसला आहेस. त्या तूर्तास सोड आणि आधी क्लच बेल काढ. आयडल चढलेला असू शकतो, क्लच शूची एखादी स्प्रिंग तुटलेली असू शकते, तेही बघशीलच. पण ब्रेकच्या वेळी जी घरघर ऐकू येते ती बेअरिंगची आहे असं माझा कान सांगतो. भोसरीत तीस वर्षं मशीन दुरुस्तीत गेली, तो आवाज विसरता येत नाही.

एक गोष्ट नीट समजून घे, कारण ट्रॅकवरची बरीच मुलं इथेच चुकतात. तुझं 3.5 सीसीचं इंजिन मिनिटाला तीस हजारांच्या वर फेरे घेतं, म्हणून सरळ पट्ट्यावर बेअरिंगचे हाल होत असतील असं वाटतं. तसं नसतं. गाडी भरधाव असते तेव्हा शूंनी बेल घट्ट धरलेली असते. क्रँकशाफ्ट आणि बेल एकजीव होऊन फिरतात, छर्रे जागच्या जागी राहतात. बेअरिंग खरी राबते ती गाडी थांबलेली असताना, आत शाफ्ट फिरतोय आणि बेल उभी आहे तेव्हा. शिवाय वळणातून निघताना शू घसरत घसरत पकड घेतात, त्या घर्षणाची धग बेलमधून बेअरिंगच्याच अंगावर येते. म्हणून पिटमध्ये इंजिन उगाच चालू ठेवू नकोस, आणि चाकं हाताने दाबून थ्रॉटल तर कधीच देऊ नकोस.

आता काम. बेल काढलीस की बेअरिंग बोटाच्या टोकावर धरून सावकाश फिरव. बारीक वाळू अडकल्यासारखं लागलं, किंवा दोन रिंगा एकमेकींत डुलल्या, तर धुण्यात वेळ घालवू नकोस, बदल. नीट फिरत असेल तर टोकदार पात्याने झाकण अलगद उचल, सॉल्व्हंटमध्ये बुडवून हलव, पूर्ण वाळू दे. कॉम्प्रेसरच्या हवेने कोरडी बेअरिंग गरगर फिरवू नकोस. गंमत वाटते, पण तेलाशिवाय फिरून छर्रे खरवडतात. मग उष्णतेला टिकणाऱ्या ग्रीसचा तांदळाएवढा ठिपका पुरे. जास्त झालं की ते उडून शूंवर जातं, क्लच घसरतो, धग वाढते आणि तीच बेअरिंग पुन्हा जळते. मोटर क्लीनरचा फवारा बेलवर मारायची सवय असेल तर ती मोड, ग्रीस त्यानेच धुतलं जातं.

इंधनाचाही विचार कर. नायट्रो जळल्यावर उरणारा ओशट थर पोलादाला गंजवतो. इंजिनची पुढची बेअरिंग गळत असेल तर इंधन थेट बेलमध्ये उतरतं. तिथे ओल दिसली तर दोष इंजिनच्या बाजूला शोध.

बसवताना शिम मोजून घाल. बेल शाफ्टच्या दिशेने ओढली तर जेमतेम जाणवेल इतकी ढिली हवी. अजिबात नसली तर बेअरिंगवर आडवा दाब येतो. स्पर गिअर आणि बेलच्या दातांमध्ये कागदाची पट्टी घालून इंजिनचे स्क्रू आवळ, मग पट्टी ओढून काढ. दात घट्ट बसले की तो भारही शेवटी बेअरिंगच सोसते.

रबरी झाकण की पत्र्याचं, यावर लोक तासन्‌तास भांडतात. रबर धूळ अडवतं पण उष्णतेने कडक होऊन निघतं. मी पत्र्याची घेतो आणि लवकर बदलतो. सिरॅमिकच्या मागे इतक्यात लागू नकोस. त्यातले छर्रे सिरॅमिकचे असले तरी रिंगा बहुधा पोलादाच्याच असतात, आणि गंजतात.

दुबईत असताना एका फायनलला मी बेल न उघडताच गाडी उतरवली होती. आदल्या आठवड्यात फिरवून पाहिली होती, तेवढ्यावर विसंबलो. अर्ध्या रेसमध्ये बेअरिंगचा पिंजरा फुटला, बेल तिरकी झाली आणि एका फेरीत स्पर गिअरचे दात साफ गेले. टेबलावर बेल उघडली तेव्हा आत काळी भुकटी आणि दोन छर्रे उरले होते. बाकीचे ट्रॅकवरच्या मातीत. चूक सर्वस्वी माझी होती.

तुझ्या बेलला 5 बाय 10 बाय 4 मिलिमीटरच्या दोन बेअरिंगा लागतात बहुतेक, तरी मोजून घे आणि दहा एकदम आण. एक खराब निघाली तरी दोन्ही बदल. शनिवारच्या रेसआधी हे कर, आणि जुन्या फेकू नकोस. झाकण काढून आतला फोटो मला पाठव.

तुझा,
मामा