घरून निरोप येतो तेव्हा



कर्तव्य म्हटले की कामाला चिकटून राहणारा माणूस आपल्या डोळ्यांपुढे येतो. प्रार्थनेच्या वेळी आम्हीही बहुधा अशाच गोष्टी सांगतो. परंतु हातात मोठे काम असताना घरी अचानक संकट आले, तर कर्तव्य कोणते? क्रिकेटमधील दोन प्रसंगांवरून याचा विचार करू या.

पहिला प्रसंग राजकोटचा. १६ फेब्रुवारी २०२४ रोजी इंग्लंडविरुद्ध रविचंद्रन अश्विन यांनी कसोटीतील ५००वा बळी घेतला. अनिल कुंबळे यांच्यानंतर हा टप्पा गाठणारे ते दुसरेच भारतीय. आपल्या इंदूरच्या होळकर मैदानावर २०१६ साली न्यूझीलंडचे १३ बळी घेणारे हेच अश्विन. त्याच संध्याकाळी चेन्नईहून निरोप आला की आई इस्पितळात आहेत. मालिका १-१ अशी बरोबरीत होती. आपण गेलो तर संघात दहाच जण उरतील, या विचाराने त्यांचा पाय निघेना, असे त्यांनी स्वतःच पुढे सांगितले आहे. कर्णधार रोहित शर्मा यांनी त्यांना लगेच निघायला सांगितले. विमान मिळेना, तेव्हा राजकोटचे रहिवासी चेतेश्वर पुजारा मदतीला धावले. ते तर त्या संघातही नव्हते. शेवटी खास विमानाची सोय झाली.

नियमानुसार बदली खेळाडू क्षेत्ररक्षण करू शकतो, पण गोलंदाजी करू शकत नाही. म्हणून तिसऱ्या दिवशी उरलेल्या गोलंदाजांनी अश्विन यांचा भार वाटून घेतला आणि इंग्लंडचा डाव ३१९ धावांवर संपवला. शुद्धीवर येताच आईने "का आलास?" असे विचारले आणि परत जायला सांगितले. चौथ्या दिवशी अश्विन मैदानात होते. भारत ४३४ धावांनी जिंकला.

दुसरा प्रसंग १९९९च्या विश्वचषकातला. सचिन तेंडुलकर यांचे वडील, मराठीचे प्राध्यापक व कवी रमेश तेंडुलकर, अचानक गेले. सचिन इंग्लंडहून मुंबईला आले. त्यांच्याविना भारत झिंबाब्वेविरुद्ध अवघ्या ३ धावांनी हरला. मग आईच्या आग्रहाने ते परत गेले आणि २३ मे रोजी केनियाविरुद्ध त्यांनी नाबाद १४० धावा केल्या. या १४० धावा सर्वांच्या लक्षात आहेत. त्याआधी ते घरी आले होते, हे मात्र आपण मुलांना क्वचितच सांगतो.

एकदा संघ जिंकला, एकदा हरला. घरी जाणे दोन्ही वेळा योग्यच होते. घरी जाण्याचा निर्णय निकालावरून तोलायचा नसतो. सामने पुढेही होतात. आईच्या उशाशी बसण्याची वेळ पुन्हा येईलच असे नाही.

यातून आपण काय घ्यावे?

विद्यार्थ्यांनो, घरी अडचण असेल तर वर्गशिक्षकांना निःसंकोच सांगा. मात्र घरचे निमित्त करून काम टाळणे वेगळे. अश्विन आणि सचिन दोघेही परत आले होते.

पालकहो, परीक्षा चालू आहे म्हणून आजी-आजोबांचे गंभीर आजारपण मुलांपासून लपवू नका. छमाहीचा पेपर पुन्हा घेता येतो, ती व्यवस्था आम्ही करू. बोर्डाच्या परीक्षेची तारीख आमच्या हाती नसते. तरीही मुलाला त्याच्या वयाला समजेल अशा शब्दांत खरे सांगावे आणि निर्णय त्याच्यासोबत बसून घ्यावा.

विश्वस्त मंडळींना विनंती, की शिक्षक वा सेवकाला असा निरोप आला तर त्याचे काम कोण पाहील, हे आधीच ठरलेले असावे. राजकोटला कर्णधाराने "जा" म्हटले आणि सोबत्यांनी भार उचलला, म्हणून जाणाऱ्याला जाता आले. संस्थेनेही तसेच म्हणायला हवे.

घरी चर्चा करा:
१. अश्विन यांचा पाय का निघत नव्हता? तो कोणामुळे निघाला?
२. भारत राजकोटला हरला असता, तर त्यांचा निर्णय चुकीचा ठरला असता का?
३. आपल्या वर्गातील मुलाला चार दिवस घरी राहावे लागले, तर त्याच्या वह्या कोण पूर्ण करून देईल?