दारू सोडायची मीटिंग : फी शून्य, खर्च गाडीभाड्याचा

अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस, म्हणजे ‘ए.ए.’च्या मीटिंगला फी नसते. वर्गणी नाही, नावनोंदणी नाही, आधार कार्डही कोणी मागत नाही. शेवटी एक थैली फिरते. दहा-वीस रुपये टाका, नाहीतर नुसती पुढे सरकवा. खोलीचं भाडं आणि चहा त्यातूनच निघतो, कारण बाहेरची देणगी ही मंडळी घेत नाहीत. १९३५ साली अमेरिकेतल्या अ‍ॅक्रन गावी एक शेअर बाजारातला माणूस आणि एक डॉक्टर, दोघेही पिणारे, एकमेकांच्या आधाराने सावरले, तिथून हे सुरू झालं. भारतात ते १९५७च्या सुमारास आलं. आत यायला अट एकच : दारू सोडायची इच्छा हवी.

पालघर जिल्ह्यातल्या बोर्डीच्या माणसाची अडचण वेगळी आहे. पलीकडे गुजरातची दारूबंदी, तिच्याही पलीकडे दमणचे स्वस्त दर आणि गावात ताडी. बाटली दाराशी येते, मीटिंगला मात्र गाडी धरून जावं लागतं. म्हणून आधी फोन करा. १४४४६ ही केंद्र सरकारची व्यसनमुक्तीची मोफत हेल्पलाइन आहे. १४४१६ म्हणजे टेली-मानस. ती चोवीस तास चालते आणि मराठीत बोलते. दोन्हीकडे ‘डहाणू-तलासरीच्या जवळचं केंद्र कोणतं’ असं थेट विचारा. ए.ए.च्या हेल्पलाइनवर जवळचा गट, वार, वेळ, भाषा आणि मीटिंग ‘ओपन’ आहे की ‘क्लोज्ड’ हे विचारा. ओपनला घरचं माणूस सोबत येऊ शकतं. क्लोज्ड फक्त पिणाऱ्यांसाठी असते.

जिल्ह्यातल्या जिल्ह्यात वसईला फादर जो परेरांच्या कृपा फाउंडेशनचं केंद्र आहे. संस्था १९८१ साली वांद्र्यात सुरू झाली. बोर्डीहून वसई रेल्वेने ऐंशीएक किलोमीटर. डहाणू रोडपासून लोकल मिळते, पण ती बोर्डीजवळच्या घोलवड स्टेशनपर्यंत येत नाही. खिशाला खरी कात्री इथे लागते. बऱ्याच मीटिंगा संध्याकाळी असतात आणि दीड तास चालतात. परतताना घोलवडला थांबणारी गाडी चुकली, तर डहाणूहून एकट्याने केलेली रिक्षा अख्ख्या रेल्वेप्रवासापेक्षा महाग पडते. रविवारची दिवसाची मीटिंग विचारा, म्हणजे रोजही बुडत नाही. मधल्या दिवशी मोबाइलवरच्या ऑनलाइन मीटिंगा आहेत, मराठीतही. पहिल्यांदा मात्र प्रत्यक्ष जावं असं माझं मत आहे. गावाबाहेर जायची लाजही वाटून घेऊ नका. वाडीवाडीत ओळख असलेल्या बोर्डीत जे बोलता येत नाही, ते चार स्टेशनं पलीकडे बोलता येतं.

तुलनेसाठी : २०२५च्या दरवाढीनंतर देशीची १८० मिलिलिटरची क्वार्टर किमान ८० रुपयांना पडते. रोज एक धरली तरी महिन्याला २,४०० रुपये झाले.

आता जे पैशापेक्षा महत्त्वाचं आहे ते. रोज सकाळपासून पिणाऱ्याने मीटिंगच्या उत्साहात एकदम दारू तोडू नये. हात थरथरणं, घाम, झोप उडणं यावर न थांबता दोन-तीन दिवसांत फिट येऊ शकते, भास होऊ शकतात, जीवही जाऊ शकतो. आधी डॉक्टर. डहाणूचं उपजिल्हा रुग्णालय, तलासरीचं ग्रामीण रुग्णालय अशा राज्याच्या आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत १५ ऑगस्ट २०२३पासून तपासणी आणि उपचार मोफत आहेत. केसपेपरचेही पैसे नाहीत. किती पितो ते तिथे खरं सांगा. गोळ्या त्यावर ठरतात.

भरती करायची वेळ आली तर खाजगी केंद्राला चार प्रश्न लेखी विचारा : महिन्याचा आकडा किती, त्यात औषधं धरली आहेत का, डॉक्टर कधी येतो, मध्येच सोडलं तर पैसे परत मिळतात का. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ प्रमाणे अशा केंद्राची राज्याच्या प्राधिकरणाकडे नोंदणी लागते. नोंदणी क्रमांक सांगायला जे टाळतात, रात्री गाडी पाठवून माणूस ‘उचलून नेतो’ म्हणतात किंवा शंभर टक्के हमी देतात, त्यांना एक रुपयाही देऊ नका.

तसंच ‘न सांगता जेवणात मिसळा’ म्हणून विकली जाणारी पावडर. त्यात काय आहे ते पाकिटावर कळत नाही. डायसल्फिरामसारखं औषध असेल आणि त्यावर माणूस दारू प्यायला, तर रक्तदाब कोसळून जिवावर बेतू शकतं. घरच्यांनी कितीही काकुळतीने आणली असली तरी ती टाकून द्या.

घरच्यांसाठी अल-अनॉनच्या मीटिंगा आहेत, त्याही फुकट. पुण्याचं मुक्तांगण १९८६ साली डॉ. अनिता अवचट आणि अनिल अवचट यांनी सुरू केलं. तिथे पिणाऱ्यांच्या बायकांचा ‘सहचरी’ हा गट आहे. नवरा यायला तयार नसेल तरी बाईने जावं. थांबण्यात काही फायदा नाही.

पहिल्या मीटिंगला बोलायची सक्ती नसते. नाव सांगा, नुसतं पहिलं. बाकीचं ऐका. एखादा गट रुचला नाही तर दुसरा बघा, पण निदान चार-पाच मीटिंगा झाल्याशिवाय निकाल देऊ नका. निघण्यापूर्वी ए.ए.च्या हेल्पलाइनला फोन लावून वार-वेळ पक्की करा, आणि परतीच्या गाडीची वेळ कागदावर लिहून खिशात ठेवा.