चिनी मलमाची डबी उघडण्याआधी

सोरायसिसवर कुणी चिनी काढा किंवा मलम सुचवले की दोन तट पडतात. एकाला ते थोतांड वाटते. दुसरा म्हणतो, झाडपालाच तर आहे, अपाय काय होणार? मला दोघांचेही पटत नाही, कारण दोघेही त्याला औषध मानायला तयार नसतात. चिनी वैद्य या रोगाकडे रक्ताच्या अंगाने पाहतो. लालभडक, झपाट्याने पसरणारे चट्टे म्हणजे रक्तातली उष्णता, जुने कोरडे चट्टे म्हणजे रक्ताची शुष्कता, जाड, काळपट, हटता न हटणारे चट्टे म्हणजे साकळलेले रक्त. आधुनिक वैद्यक त्याच जागी बिथरलेली प्रतिकारशक्ती आणि इंटरल्युकिन-१७, २३ अशी रेणूंची नावे सांगते. चिनी वर्णनात रोगाच्या अवस्थांचे बारीक निरीक्षण आहे, हे मी मान्य करतो. पण निरीक्षण खरे असले म्हणून त्यावरचा उतारा आपोआप खरा ठरत नाही. तो वेगळा तपासावा लागतो.

काही उतारे तपासले गेले आहेत. ‘छिंग दाइ’ ही पानांपासून काढलेली औषधी नीळ. तैवानमधल्या डॉक्टरांनी २००८ साली प्रसिद्ध केलेल्या चाचणीत ४२ रुग्णांच्या एका बाजूच्या चट्ट्याला निळीचे मलम आणि दुसऱ्या बाजूच्या तशाच चट्ट्याला नुसते मलम १२ आठवडे लावले. ३१ जणांचा निळीकडचा चट्टा पूर्ण किंवा जवळजवळ गेला. पेशींमधल्या ज्या ग्राहीवर ही नीळ काम करते, त्याच ग्राहीवर चालणारे टॅपिनारॉफ हे मलम २०२२ मध्ये अमेरिकेत मंजूर झाले. (म्हणून कपड्यांची नीळ कुणी अंगाला फासू नये, ते रसायनच निराळे.) मात्र हीच औषधी नीळ आतड्याच्या विकारासाठी पोटात घेणाऱ्या जपानी रुग्णांपैकी काहींना फुप्फुसांच्या रक्तवाहिन्यांत उच्च दाबाचा विकार जडला आणि २०१६ मध्ये तिथल्या सरकारला इशारा द्यावा लागला. सोरायसिसवर दिली जाणारी ‘लेइ गोंग तेंग’ ही वेलही परिणामकारक आहे, पण ती यकृताला आणि मूत्रपिंडाला इजा करू शकते, प्रजननक्षमताही घटवते. जे शरीरात काही घडवते, ते नको तेही घडवू शकते.

यावर हजारो वर्षांच्या वापराचा दाखला दिला जातो. लगेच दिसणारा अपाय परंपरेच्या नजरेत भरतो. काही वर्षांनी निकामी होणारे मूत्रपिंड आणि आधी घेतलेली पुडी यांचा संबंध तिला सहसा लागत नाही. बेल्जियममध्ये १९९० च्या सुमारास वजन घटवण्याच्या गोळ्यांत एका चिनी वनस्पतीऐवजी अ‍ॅरिस्टोलोकिया ही दुसरीच वनस्पती गेली आणि अनेक स्त्रियांची मूत्रपिंडे कायमची गेली. प्रत्येक रुग्णाचा काढा वेगळा, मग चाचणी कशी घेणार, हा आक्षेप अधिक वजनदार आहे. पण तीही घेता येते. ऑस्ट्रेलियात आतड्याच्या तक्रारींवर तशी चाचणी झाली. १९९८ साली तिचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. तिच्यात व्यक्तिगणिक काढा, ठरावीक मिश्रण आणि खोटे औषध यांची थेट तुलना केली होती. आधुनिक औषधांचेही दुष्परिणाम असतातच. सोरायसिसवर मेथोट्रेक्सेट घेणाऱ्याच्या यकृताच्या तपासण्या त्यासाठीच होतात. काढा घेणाऱ्याच्याही व्हायला हव्यात, इतकेच माझे म्हणणे.

सगळ्यात मोठी शंका मला चमत्कार करणाऱ्या मलमाची येते. लंडनमध्ये त्वचारोगांसाठी दिलेली ११ चिनी मलमे तपासली, तेव्हा ८ मध्ये डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड निघाले. १९९९ साली हे प्रसिद्ध झाले. अशा मलमाने चट्टे आठवड्यात विरतात, आणि मलम एकदम थांबवले की दुप्पट जोमाने उसळू शकतात. म्हणून घटक न लिहिलेली डबी घेऊ नये. त्वचारोगतज्ज्ञांपासून काढा लपवू नये आणि त्यांना न विचारता चालू गोळ्या सोडू नयेत. काढा सुरू करण्याआधी आणि नंतरही अधूनमधून यकृत-मूत्रपिंडाची रक्ततपासणी करावी. मूल हवे असेल किंवा गर्भ राहिला असेल, तर पोटात घ्यायचे काहीही आधी डॉक्टरांना दाखवावे. सांधे सुजून सकाळी आखडत असतील तर मलमावर विसंबू नये, संधिवाततज्ज्ञ गाठावा. आणि अंगभर लाली, पूचे बारीक फोड, ताप दिसला, तर कोणत्याही पद्धतीचा वैद्य शोधत न बसता त्याच दिवशी रुग्णालयात जावे.