जुन्या पेंटबॉल मार्करला सिलिंडर कोणता?

प्रश्न : अमेरिकेत शिकणाऱ्या माझ्या मुलाने सेकंडहँड ‘टिपमन ९८’ मार्कर घेतला आहे. सिलिंडर कार्बन डायऑक्साइडचा घ्यावा की हवेचा?

उत्तर : हा मार्कर दोन्हींवर चालतो, पण हवेचाच घ्या. कार्बन डायऑक्साइड सिलिंडरमध्ये द्रवरूपात असतो. थंडीत त्याचा दाब उतरतो. सलग गोळ्या झाडल्या की सिलिंडर गारठतो आणि गोळीचा वेग कमी-जास्त होतो. हवेच्या सिलिंडरवरचा रेग्युलेटर मार्करकडे साधारण ८०० पीएसआय दाब स्थिरपणे सोडतो. सुरुवातीला ३,००० पीएसआयचा अ‍ॅल्युमिनियम सिलिंडर पुरेसा आहे. तो शक्यतो नवाच घ्यावा. जुना घेतलाच, तर त्यावरची हायड्रोटेस्टची तारीख पाहा. ५ वर्षे उलटली असतील, तर फेरचाचणीशिवाय तो भरू नये. मार्कर जुना चालेल. सिलिंडरच्या बाबतीत तडजोड नको.