परदेशी निघण्याआधी परतीची वाट पाहा

दहावी-बारावीचे निकाल लागले की आळे, राजुरी, बेल्हे, ओतूर, पिंपळवंडी या जुन्नर तालुक्यातल्या गावांतले पालक करिअरच्या मेळाव्यांत एक प्रश्न हमखास विचारतात. ‘सर, पोराला रशियाला पाठवू का? सुरक्षित आहे का तिकडं?’ कुणी किरगिझस्तानचं विचारतं, कुणी दुबईचं, तर हल्ली एखादा इस्राएलचं. आळेफाट्यावरून पुणे, नाशिक, कल्याण, नगर अशा चारही वाटांनी मुलं वर्षानुवर्षं बाहेर पडत आली आहेत. आता त्यातली काही मुंबईच्या विमानतळापर्यंत जाऊ लागली, एवढाच फरक. आईवडिलांची काळजी अगदी रास्त आहे. मात्र ही काळजी देशाच्या नावापाशी येऊन थांबते, आणि तिथंच गडबड होते.

एकाच देशात एक मुलगा पाच वर्षं नीट काढून येतो आणि दुसरा सहा महिन्यांत अडकतो. दोघांत फरक असतो तो कुणाच्या मार्फत गेला, कोणत्या व्हिसावर गेला आणि मागं किती कर्ज ठेवून गेला, याचा. म्हणून पालकांनी आधी एक गोष्ट तपासावी असं मी सांगतो. उद्या मुलाला वाटलं की इथं आता थांबण्यात अर्थ नाही, तर तो कुणापुढं हात न जोडता आठवड्याभरात घरी येऊ शकेल का? या प्रश्नाला ठाम ‘हो’ मिळत असेल, तर बराचसा धोका आवाक्यात आला. ‘पासपोर्ट कंपनीकडे असतो’, ‘फी भरलीय, आता कसा येणार’, ‘एजंटला विचारावं लागेल’ अशी उत्तरं आली, तर देश कितीही शांत असो, मुलगा सुरक्षित नाही.

आपली भीती कुठं असते आणि मृत्यू कुठं होतात, हेही पाहून घ्यावं. जुलै २०२४ मध्ये परराष्ट्र मंत्रालयाने संसदेत दिलेल्या माहितीनुसार आधीच्या पाच वर्षांत परदेशात ६३३ भारतीय विद्यार्थ्यांचा मृत्यू झाला. त्यातले हल्ल्यांत गेलेले १९. बाकीचे आजार, अपघात आणि इतर कारणांनी गेले. सर्वाधिक १७२ मृत्यू कॅनडात होते, ज्या देशाचं नाव ऐकून आपल्याकडे कुणीही घाबरत नाही. जून २०२४ मध्ये रशियातल्या नोवगोरोदजवळ वोल्खोव नदीत जळगाव जिल्ह्यातल्या मुलांसह चार वैद्यकीय विद्यार्थी बुडाले. त्या वेळी सगळ्यांचं लक्ष युक्रेनच्या युद्धाकडे होतं, आणि मुलं गेली ती नदीत. म्हणून मुलाला निरोप देताना बॉम्बची भीती घालण्याआधी अनोळखी पाण्यात उतरू नको, बर्फाच्या रस्त्यावर रात्री गाडी चालवू नको, ताप आला तर अंगावर काढू नको, हे सांगा. आरोग्य विमा कशाकशाला लागू होतो, तो कागद निघण्याआधी घरात बसून एकदा वाचा.

आखाती देशांत कामाला जाणाऱ्यांसाठी हाच प्रश्न राहण्याच्या खोलीचा असतो. १२ जून २०२४ च्या पहाटे कुवेतमधल्या मंगफ इथं कामगारांच्या इमारतीला आग लागली आणि ४५ भारतीय गेले. ना युद्ध होतं, ना दंगल. दाटीवाटीनं माणसं भरलेली इमारत आणि वर चढलेला धूर, एवढंच होतं. करारपत्रात पगाराचा आकडा सगळे बघतात. राहण्याची सोय कुठं, खोलीत किती जण, ओव्हरटाइम कसा मोजणार, परतीचं तिकीट कुणाचं, हे फारसं कुणी विचारत नाही. ते विचारा. तोंडी उत्तर धरू नका, लिहून मागा.

वैद्यकीय शिक्षणासाठी जाणाऱ्यांबद्दल थोडं सविस्तर सांगायला हवं, कारण आपल्या भागातल्या पालकांची मोठी रक्कम इथं गुंतते. २०२२ मध्ये युक्रेनमध्ये सुमारे २० हजार भारतीय होते, बहुतेक विद्यार्थी. भारतीय दूतावासाने १५ फेब्रुवारीलाच सांगितलं होतं की राहणं आवश्यक नसेल त्यांनी, विशेषतः विद्यार्थ्यांनी, तात्पुरतं निघावं. युद्ध सुरू झालं २४ तारखेला. मधले नऊ दिवस अनेक मुलं थांबली. विद्यापीठं ऑनलाइन वर्गांची खात्री देत नव्हती, हजेरी बुडाली तर वर्ष जाण्याची भीती होती, आणि विमानाची भाडी वाढली होती. २६ फेब्रुवारीला रोमानियातून निघालेलं पहिलं विमान २१९ जणांना घेऊन मुंबईत उतरलं. १ मार्चला खार्किवमध्ये कर्नाटकातला एक विद्यार्थी खाण्याचं सामान आणायला बाहेर पडलेला असताना माऱ्यात मारला गेला.

त्या मुलांना दोष देण्याचं कारण नाही. पण त्यातून घ्यायचा धडा साधा आहे. दूतावासाची पहिली सूचना आली की निघायचं, हे घरात आधीच ठरलेलं असावं आणि परतीच्या भाड्याचे पैसे वेगळे काढून ठेवलेले असावेत. ते पैसे फीमध्ये वळवायचे नाहीत, बहिणीच्या लग्नातही नाहीत. वर्ष बुडेल का, हा हिशेब त्या दिवशी करायचा नाही.

दुसरी बाब नियमाची. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या नोव्हेंबर २०२१ च्या नियमांप्रमाणे परदेशातला वैद्यकीय अभ्यासक्रम किमान ५४ महिन्यांचा, इंग्रजी माध्यमातला आणि एकाच संस्थेत पूर्ण केलेला लागतो. म्हणजे मध्येच दंगल उसळली, युद्ध पेटलं, तर शेजारच्या देशात बदली घेऊन पुढं शिकता येईल असं गृहीत धरू नका. मे २०२४ मध्ये किरगिझस्तानातल्या बिश्केकला जमावानं परदेशी विद्यार्थ्यांच्या वसतिगृहांवर हल्ले केले, तेव्हा आपल्या दूतावासाने मुलांना खोलीबाहेर पडू नका असं कळवलं. त्याच वर्षी जुलैमध्ये बांगलादेशातून हजारो विद्यार्थी परतले. देश निवडताना फीच्या शेजारी हेही लिहा की तिथलं सरकार किती स्थिर आहे आणि सीमा ओलांडून कुठं पोचता येतं.

आता सर्वांत वाईट प्रकार, नोकरीच्या नावाखाली होणारी फसवणूक. इथं सावज कोण असतं, ते लक्षात घ्या. आपल्याकडे समज आहे की अडाणी मजूरच फसतो. कायद्याची रचना पाहिली तर उलटं चित्र दिसतं. १९८३ च्या उत्प्रवासन कायद्याप्रमाणे दहावी न झालेल्याच्या पासपोर्टवर ईसीआर असा शिक्का येतो आणि १८ ठरावीक देशांत नोकरीला जाताना त्याला सरकारी मंजुरी घ्यावी लागते. त्या निमित्तानं करार तपासला जातो, १० लाखांचा प्रवासी भारतीय विमा काढावा लागतो. दहावी पास झालेल्याला ही मंजुरी लागत नाही. परिचारिकांसारखे थोडे अपवाद सोडले, तर पदवीधर मुलगा थेट विमानात बसतो. त्याची चौकशी कुणीच करत नाही.

नेमकी अशीच मुलं थायलंडमध्ये डेटा एंट्री किंवा डिजिटल मार्केटिंगची नोकरी म्हणून बँकॉकला उतरली. तिथून गाडीनं सीमेवरच्या मे सोतला नेली गेली आणि मोई नदी ओलांडून म्यानमारच्या म्यावाडीत कोंडली गेली, लोकांना ऑनलाइन लुबाडण्याच्या कामाला. परराष्ट्र मंत्रालयाने २०२२ पासूनच याबद्दल सावध केलं होतं. मार्च २०२५ मध्ये हवाई दलाच्या दोन विमानांनी ५४९ जणांना परत आणलं. एप्रिलमध्ये महाराष्ट्र सायबर विभागाने आणखी साठहून अधिक जणांना सोडवलं आणि इथल्या दलालांना अटक केली. रशियात ‘मदतनीस’ म्हणून गेलेल्यांची कथा याहून भीषण आहे. करार रशियन भाषेत, सही केल्यावर कळलं की भरती सैन्यात झाली आहे. जानेवारी २०२५ पर्यंत अशा १२६ प्रकरणांत १२ भारतीय मारले गेल्याचं आणि १६ बेपत्ता असल्याचं परराष्ट्र मंत्रालयाने सांगितलं.

या सगळ्या प्रकरणांत काही खुणा समान दिसतात. मुलाखत फोनवर किंवा टेलिग्रामवर उरकलेली, व्हिसा पर्यटनाचा, पगार कामाच्या मानानं फार मोठा, आणि ‘परवाच निघायचंय’ ही घाई. पर्यटन व्हिसावर नोकरीला नेणारा माणूस नात्यातला असला तरी नाही म्हणा.

एजंट खरा की खोटा, हे घरबसल्या कळतं. परदेशी नोकरीसाठी भरती करणाऱ्याला परराष्ट्र मंत्रालयाचा परवाना लागतो आणि त्याचा क्रमांक जाहिरातीवर छापावा लागतो. ई-मायग्रेट या सरकारी संकेतस्थळावर तो क्रमांक आणि बेकायदा एजंटांची यादी, दोन्ही पाहता येतात. एजंटाला उमेदवाराकडून ३० हजार रुपये आणि वर जीएसटी, यापेक्षा जास्त सेवाशुल्क घेता येत नाही. तालुक्याच्या गावी टेबल मांडून बसलेला ‘आमचा मुंबईच्या मोठ्या एजंटशी टायअप आहे’ म्हणणारा सब-एजंट कायद्याला मान्य नाही. शिक्षणासाठी पाठवणाऱ्या कन्सल्टन्सीला मात्र हा परवाना लागूच नाही. तिथं विद्यापीठाला थेट ईमेल करून प्रवेश तपासणं आणि फी थेट विद्यापीठाच्या खात्यात भरणं, हे तुमचं तुम्हालाच करावं लागतं.

मग युद्ध चाललेल्या देशात जाऊच नये का? सप्टेंबर २०२४ मध्ये पुण्यात औंधच्या आयटीआयमध्ये इस्राएलसाठी बांधकाम कामगारांच्या चाचण्या झाल्या. सळई वाकवणं, शटरिंग, प्लास्टर, टाइल्स अशी कामं, आणि महिना १ लाख ९० हजारांच्या घरात पगार. हा दोन सरकारांमधला रीतसर मार्ग होता. तरीही त्याच वर्षी मार्चमध्ये उत्तर इस्राएलमध्ये क्षेपणास्त्र पडून केरळचा एक कामगार गेला होता, आणि जून २०२५ मध्ये इराणशी युद्ध भडकल्यावर भारतीयांना जॉर्डन आणि इजिप्तमार्गे आणावं लागलं.

माझं मत स्पष्ट आहे. हातात हुनर असलेला, धोका समजून घेतलेला, मागं कर्ज नसलेला तिशीतला माणूस सरकारी मार्गानं जात असेल, तर त्याला अडवू नये. पण पतसंस्थेचं कर्ज काढून, सातबाऱ्यावर बोजा चढवून कुणी अशा ठिकाणी जाऊ नये. कर्जात बुडालेला माणूस सायरन वाजला तरी परत येत नाही. हप्ता त्याला तिथं बांधून ठेवतो.

जुन्नरकरांना धोक्यासोबत जगणं शिकवावं लागत नाही. बिबट्या आहे म्हणून आपण ऊस सोडला नाही. बॅटरी घेतली, चार जणांनी मिळून पाणी धरायला जाऊ लागलो, अंधारात पोरांना एकटं सोडणं थांबवलं. परदेशाबाबतही हीच तयारी ठेवा. पोचल्या दिवशी दूतावासाकडे नोंदणी करायची. अडचण आली तर मदद या सरकारी पोर्टलवर तक्रार टाकता येते, ती इथं बसून कुटुंबालाही टाकता येते. पासपोर्ट, व्हिसा, करार यांच्या प्रती घरात आणि मोबाइलवर. मालकानं कामगाराचा पासपोर्ट ठेवून घेणं सौदी, अमिरातीतही बेकायदा आहे, हे मुलाला ठाऊक असावं.

एक शब्द आयांसाठी. दिवाळीचे अनारसे प्रेमानं पाठवता, पण त्यांवरची खसखस अमिरात, सौदी, कतार इथं अमली पदार्थांत मोडते आणि तिच्यासाठी माणसं अटकेत गेली आहेत. दुसऱ्या कुणाचं पाकीट तर अजिबात नेऊ देऊ नका, सख्ख्या नातेवाइकाचं असलं तरी. २०१९ मध्ये मुंबईच्या एका दांपत्याच्या सामानात कतारला सुमारे ४ किलो चरस सापडलं. ते नातेवाइकानंच दिलेल्या पाकिटात होतं. दोघांना १० वर्षांची शिक्षा झाली, बाळ तुरुंगात जन्मलं, आणि निर्दोष ठरून तिघं घरी आली २०२१ मध्ये.

आपल्या भागातल्या कनिष्ठ महाविद्यालयांना आणि ग्रामपंचायतींना माझी विनंती आहे की संगणक कक्षात महिन्यातून एक दिवस ई-मायग्रेटवर परवाने तपासून देण्याची सोय करावी. आणि पालकहो, टोकन म्हणून पहिली रक्कम देण्याआधी एजंटचा परवाना क्रमांक कागदावर लिहून घ्या. तो देत नसेल तर पैसे खिशात ठेवून उठा.